ड्रोनचे आकाश आणि खालची जमीन

भारतातले ‘ड्रोन नियम, २०२१’ २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या जाचक नियमांची जागा त्यांनी घेतली आणि अर्ज, शुल्क, परवानग्या यांचा पसारा बराच आवरला. मात्र या सवलतींतून एक घातक समज पसरला, की लहान ड्रोनला नियम नाहीत. लग्नाचे छायाचित्रकार, गडांवर जाणारी तरुण मंडळी आणि सुट्टीत परदेशातून आलेले लोक अडचणीत सापडतात ते बहुतेकदा याच समजापायी.

नियमांची पहिली पायरी वजनाची. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्यावर मोठा. हे वजन वाहून नेलेल्या सामानासह धरले जाते, आणि नेमके इथेच अनेकांचे गणित चुकते. बाजारातले लोकप्रिय छोटे ड्रोन २४९ ग्रॅमचे असतात. त्यांना पात्यांचे संरक्षक कडे, लेन्सवरचा फिल्टर किंवा जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली की ते २५० ग्रॅमची रेषा ओलांडतात आणि मायक्रो गटात जातात. सर्व जोडणी लावून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ड्रोन एकदा ठेवून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

वैमानिक प्रमाणपत्र नॅनोसाठी लागत नाही. मायक्रोसाठीही, वापर व्यावसायिक नसेल तर, लागत नाही. मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन लग्नाचे चित्रीकरण केले की ही सूट संपते. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळते. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण असावे लागते, आणि प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. पूर्वी पासपोर्टची अट होती. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने ती गेली, त्यामुळे खेड्यातल्या उमेदवारांची मोठी अडचण दूर झाली. नॅनो आणि मायक्रोला मिळणारी सूट प्रमाणपत्रापुरतीच आहे, ती नोंदणीलाही लागू आहे असे धरून चालू नये. ड्रोनची ऑनलाइन नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेण्याचे शुल्क अवघे १०० रुपये आहे. जुना ड्रोन विकत घेताना हा क्रमांक आहे का आणि तो आपल्या नावावर होईल का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

परदेशातून ड्रोन आणण्याबाबत आणखी कडक स्थिती आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असून अपवाद फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीचा आहे. सुटे भाग आणता येतात. दुबईहून किंवा अमेरिकेतून भाच्यासाठी भेट म्हणून आणलेला ड्रोन मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभाग अडकवून ठेवतो, तो या बंदीमुळे. ‘लहान आहे, खेळणे आहे’ हे सांगून तो सुटत नाही.

दुसरी पायरी जागेची, आणि ती वजनापेक्षा महत्त्वाची, कारण तिच्यात नॅनोलाही सूट नाही. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ऑनलाइन मंचाच्या नकाशावर देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेले आहे. हिरव्यात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ पिवळा पट्टा, जिथे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि त्याच्या आसपास मंगल कार्यालयांची दाटी आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे. अशा ठिकाणी यजमानाने ‘सगळे इथे उडवतात’ असे सांगितले तरी नकाशा स्वतः उघडून पाहावा, आणि तोही त्या दिवशी सकाळी. कारण पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, यात्रा, मोर्चा अशा कारणांनी काल मोकळे असलेले आकाश आज बंद असते.

उंचीचा हिशेब सह्याद्रीत विशेष फसवा ठरतो. पडद्यावर दिसणारा आकडा उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो, तर नियमातले ४०० फूट हे ड्रोनच्या खालच्या जमिनीपासूनचे. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठावरून ड्रोन पन्नास मीटर वर नेऊन दरीकडे सरकवला, की पडद्यावर पन्नासच दिसतात. प्रत्यक्षात खाली जमीन हजाराहून अधिक फूट खोल गेलेली असते आणि मर्यादा त्या क्षणी मोडलेली असते. पायथ्याहून वर उडवताना उलटा धोका: पडद्यावर उंची भरपूर दिसते, पण समोरचा डोंगर त्याहून उंच असतो. शिवाय घारी आणि गरुड ड्रोनवर झेपावतात. कड्यावर घरटी असतील तिथे तो न उडवणेच योग्य, त्यांच्यासाठीही.

कोकणकड्याचे उदाहरण आणखी एका कारणाने उपयोगी आहे. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. म्हणजे आकाश हिरवे असले तरी जमीन वन विभागाच्या ताब्यात आहे आणि त्यांची परवानगी वेगळी लागते. रायगड, शिवनेरी, लोहगड यांसारख्या केंद्र संरक्षित किल्ल्यांवर हाच अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. नकाशातला हिरवा रंग फक्त हवेबद्दल सांगतो, खालच्या मालकाबद्दल काही सांगत नाही. एवढे ध्यानात ठेवले तर ड्रोन जप्त होण्याचे निम्मे प्रसंग टळतील.

पोलिसांचे मनाई आदेश हा तिसरा थर. मुंबई पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ठरावीक मुदतीचे आदेश वारंवार काढतात आणि त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर यांना बंदी असते. एक संपण्याआधी दुसरा निघतो, त्यामुळे शहरात पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागतेच, असे गृहीत धरावे. गावात पोलिसांना विचारण्याचे कारण वेगळे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री आकाशात ड्रोन दिसू लागले, चोर टेहळणी करतात अशी चर्चा पसरली आणि माणसे रात्र रात्र जागली. ती भीती खरी होती आणि तिची जाण ठेवायला हवी. शेतमोजणी असो वा हळदीचे चित्रीकरण, आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि ठाण्याला कळवावे, अंधारात उडवू नये. शेजारच्या गच्चीवर किंवा नदीच्या घाटावर कॅमेरा रोखणे हा तर शिष्टाचाराचाही भंग आहे. स्त्रीचे खासगी क्षण टिपले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा होतो.

फवारणीचे ड्रोन टाकी भरल्यावर २ किलोच्या कितीतरी पुढे जातात, म्हणून तिथे प्रमाणपत्राला पर्याय नाही. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य मिळते आणि गटातल्या निवडलेल्या सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. गटाने ड्रोनबरोबर प्रमाणपत्रधारक कोण, ती नसेल त्या दिवशी कोण, हेही आधी ठरवावे.

नॅनो वगळता ड्रोनला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. नियमभंगाचा दंड १ लाख रुपयांपर्यंत असून पोलिसांचा गुन्हा त्याहून वेगळा. नोंदणी, प्रमाणपत्र, विमा आणि त्या दिवसाच्या नकाशाचे चित्र यांच्या छापील प्रती बॅटऱ्यांच्या पिशवीतच ठेवाव्यात. गडावर मोबाइलला रेंज नसते.