न आवडणारे घर आपलेसे करताना

ऐंशीच्या दशकात बांधलेल्या सोसायटीतला रीसेलचा फ्लॅट. चिप्सची लादी, काळ्या कडाप्प्याचा ओटा, खिडक्यांना गंजलेले ग्रिल, हॉलच्या भिंतींवर पोपटी ऑइलपेंट. डोंबिवलीत, ठाण्यात, पुण्यात अशी घरे बजेटमध्ये बसली म्हणून घेतली जातात. अशा घरावर हळूहळू जीव जडावा यासाठी कामांचा क्रम नीट लावणे सर्वांत महत्त्वाचे. क्रम चुकला, तर दिवाळीत दिलेल्या रंगाला पुढच्याच पावसाळ्यात पोपडे येतात.

१. शक्य असल्यास एक पावसाळा काढल्याशिवाय तोडफोड करू नये. या काळात आपण एक वही ठेवावी. कोणत्या खोलीत ऊन किती वाजेपर्यंत येते, वारा कुठून खेळतो, चपला कुठे साठतात, ओले कपडे वाळत घालायला जागा पुरते का, हे लिहावे. घरातल्या चांगल्या गोष्टीही आठवणीने नोंदवाव्यात. रुंद गॅलरी असेल, ऐसपैस स्वयंपाकघर असेल, खिडकीसमोर एखादे जुने झाड असेल. पुढे खर्च करताना याच गोष्टी जपायच्या आहेत.

२. पहिला खर्च ओलीवर. आधी ओल कुठून येते ते शोधावे. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि दर आठवड्याला पाहावे. डाग फक्त पावसात वाढत असेल, तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा गच्ची तपासावी. बारा महिने वाढत असेल, तर आपल्या किंवा वरच्या घरातल्या बाथरूमची पाइपलाइन. कोपरा नुसताच दमट वाटत असेल, तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले, तर ती हवेतली वाफ आहे. तिथे एक्झॉस्ट पंखा आणि उघडी खिडकी पुरते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी असते. त्यामुळे फोटो जोडून लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सांगितलेली आहे. तो अहवाल मागून वाचावा. छताचे प्लास्टर पडून सळ्या दिसत असतील, तर वरून पुट्टी लिंपू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

३. नंतर वीज. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावे. फ्यूजच्या जागी एमसीबी आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळणारा विद्युतप्रवाह ओळखून तो पुरवठा क्षणात तोडतो. भिंतीत झिरी पाडायच्या असतील, तर याच टप्प्यावर पाडाव्यात.

४. दिव्यांचा खर्च कमी, गुण जास्त. हॉलमध्ये एकुलती एक पांढरीफेक ट्यूब असेल, तर खोली उदास दिसते. बसण्याच्या जागेजवळ २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, एलईडी लावावा. ओट्यावर मात्र पांढरा उजेडच हवा, आणि तोही आपल्या पाठीमागून येणारा नको; नाहीतर चिरताना सुरीवर आपलीच सावली पडते.

५. चिप्सची लादी शक्यतो काढू नये, असे माझे ठाम मत आहे. सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून केलेली ही लादी मशीनने घासून पॉलिश केली की पुन्हा झळाळते. तिच्यावर नवी टाइल बसवल्यास स्लॅबवर वजन वाढते, उंची वाढून दारे खालून कापावी लागतात. घासताना चिखल उडतो, म्हणून हे काम रंगाच्या आधी करावे. कडाप्पाही ठेवता येतो. फक्त तो चुनखडीचा दगड आहे. त्याला ॲसिड, व्हिनेगर, लिंबू लागू देऊ नये.

६. रंग शेवटी, पावसाळा सरून भिंती कोरड्या झाल्यावर. नवे प्लास्टर केले असेल, तर साधारण महिनाभर थांबावे. जुना ऑइलपेंट पॉलिशपेपरने घासून, प्रायमर देऊन मगच नवा रंग द्यावा. निवडलेल्या छटेचा दोन फुटांचा चौकोन भिंतीवर लावून सकाळी आणि रात्री दिवे लावून पाहावा. पैसे अपुरे असतील, तर आपण रोज जिथे चहा घेत बसता तेवढीच भिंत आणि खिडकी पूर्ण करावी. ग्रिलचा गंज खरवडून रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात. हे काम एका रविवारी सुरू करून पुढच्या रविवारी घरच्या घरी संपवता येते.