जुन्या घरातील न्हाणीची पुनर्बांधणी

बेळगुंदी हे बेळगावच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या बाजूचे, भरपूर पावसाचे गाव. अशा भागातील जुन्या मातीच्या घरांत न्हाणीलगतच्या भिंतीस काळी बुरशी धरते. तीवर चुना फासणे व्यर्थ होय. बुरशी हे केवळ लक्षण, मूळ दोष ओलीचा.

म्हणून प्रथम पाणी कोठून मुरते ते शोधावे. फरशीच्या सांधी व मोरी सर्वजण पाहतात. भिंतीबाहेर पायाशी साचणारे सांडपाणी मात्र दुर्लक्षित राहते. खराब गिलावा किंचित भिजवून, नाकातोंडास फडके बांधून खरवडावा. पायाकडील माती मऊ झाली असल्यास वरच्या तुळईस टेकू दिल्यावाचून भिंतीस हात लावू नये. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात अनेक घरे कोसळली, हे विसरता येत नाही.

काम पावसाळा संपल्यावरच काढावे. भिंत पूर्ण वाळू द्यावी. ओल्या मातीवर सिमेंट थापल्यास ओल आतच कोंडते. जेथे पाणी उडते तेथे कमरेपर्यंत चिऱ्याचे बांधकाम करावे. फरशीस मोरीकडे दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ढाळ असावा. सांधी पक्क्या झाल्यावर मोरीचे तोंड बंद करून रात्रभर पाणी साठवावे व पातळीची खूण कोळशाने करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसल्यास सांधी पुन्हा भराव्यात, रंगसफेदी त्यानंतर.