कोंड्यातील बंदिस्त ऐवज

‘कोंड्याचा मांडा’ करणाऱ्या गृहिणीचे मराठीने कौतुक केले आहे. परंतु ते कौतुक तिच्या हातगुणाचे आहे, कोंड्याचे नव्हे. कोंड्यात मुळातच काही मोलाचे असेल, असे त्यात अभिप्रेत नाही. रसायनशास्त्राचा निर्वाळा मात्र निराळा आहे. गव्हाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल नावाचे संयुग असते. त्याचे प्रमाण वजनाच्या शेकडा एका भागाहूनही कमी भरते. तरीही ऑक्सिडीकरणास अटकाव करणारे द्रव्य म्हणून, तसेच व्हॅनिलाच्या सुवासास कारण होणाऱ्या व्हॅनिलिनचा कच्चा माल म्हणून, त्याला महत्त्व आहे. १८६६ साली हे आम्ल प्रथम वेगळे करण्यात आले ते हिंगातून, आणि हिंगाच्या ‘फेरुला’ या प्रजातिनामावरून त्यास नाव मिळाले. आपल्या स्वयंपाकघरात हिंगाची डबी आणि पिठाची चाळण शेजारी नांदत आल्या आहेत. पण त्यांचे हे नाते कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

कोंड्यातील हे आम्ल मोकळे नसते. पेशीभित्तिकेत झायलॅन नावाच्या लांब शर्करासाखळ्या असतात. त्यांना ॲराबिनोज शर्करेचे फाटे फुटतात आणि त्या फाट्यांना हे आम्ल एस्टर बंधाने जखडलेले असते. कित्येकदा त्याचे दोन रेणू परस्परांशी जोडले जाऊन शेजारच्या साखळ्यांनाही एकत्र बांधतात. वनस्पतीच्या दृष्टीने ही तटबंदीच होय. तीव्र अल्कलीने हे बंध तुटतात. परंतु मग ती अल्कली उदासीन करावी लागते आणि क्षारयुक्त सांडपाण्याची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न उभा राहतो.

कवके हेच काम सौम्यपणे करतात. ‘ॲस्परजिलस नायजर’ या काळ्या बुरशीपासून मिळणारे फेरुलिक आम्ल एस्टरेज हे विकर, म्हणजे एंझाइम, नेमका तो एस्टर बंध तोडते. तथापि एकट्याने त्याच्या हाती फारसे लागत नाही. फोल्ड्स आणि विल्यमसन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या विकराच्या जोडीला ‘ट्रायकोडर्मा’ कवकाचे झायलॅनेज देताच पाच तासांत गव्हाच्या कोंड्यातील शेकडा ९५ पर्यंत फेरुलिक आम्ल सुटे झाले. एकट्या एस्टरेजने सुटणारे आम्ल याच्या जवळजवळ चोविसाव्या हिश्शाइतकेच होते. कारण उघड आहे. झायलॅनेज लांब साखळीचे आखूड तुकडे करते आणि त्या तुकड्यांवरील बंधापर्यंत एस्टरेजला सहज पोहोचता येते. एकाने वाट मोकळी करावी, दुसऱ्याने गाठ सोडवावी, असा हा व्यवहार आहे.

पुढील टप्प्यातही अशीच श्रमविभागणी आढळते. फ्रान्समधील संशोधकांनी १९९६ साली दाखविलेल्या पद्धतीत ‘ॲस्परजिलस नायजर’ फेरुलिक आम्लाचे व्हॅनिलिक आम्ल करते आणि ‘पिक्नोपोरस सिनाबॅरिनस’ ही शेंदरी रंगाची छत्रकवकाची जाती त्यापासून व्हॅनिलिन बनविते.

अशा लेखनात कोंड्याला सर्रास ‘टाकाऊ’ म्हटले जाते, ते खटकण्याजोगे आहे. ज्या घरी गुरे आहेत तेथे कोंडा टाकला जात नाही. तो आंबोणात जातो. त्यामुळे विकरांच्या खर्चाबरोबरच पशुखाद्य म्हणून कोंड्याला येणारी किंमतही हिशेबात धरावयास हवी.

शिवाय गव्हाची किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. मक्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल गव्हापेक्षा कितीतरी अधिक असते; परंतु तेथील झायलॅनचे फाटे अधिक गुंतागुंतीचे आणि साखळ्यांमधील बांधणी अधिक घट्ट असल्याने हीच विकरांची जोडी तेथे अल्पसाच अंश मोकळा करू शकते.