कच्च्या खाऊसाठी डिहायड्रेटर: खरेदीपूर्वीचा विचार

डिहायड्रेटर म्हणजे कोमट, कोरडी हवा पंख्याने जाळीदार ताटल्यांवरून तासन्‌तास खेळवत ठेवून पदार्थातील पाणी काढून घेणारे विजेचे यंत्र होय. त्याचे तापमान साधारणतः 35 ते 70 अंश सेल्सियसच्या दरम्यान हवे तसे ठेवता येते, आणि म्हणूनच ‘कच्चा आहार’ पाळणाऱ्यांचा, म्हणजे अन्न 40 ते 48 अंशांपलीकडे तापवू नये असे मानणाऱ्यांचा, त्याच्याकडे ओढा असतो. घरातला ओव्हन बहुधा 77 अंशांच्या खाली उतरत नाही. कॅनडातील कॅल्गरीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या ओढीला आणखी एक धागा जोडलेला असतो. मुलांच्या शाळेच्या डब्यासाठी साखर-मैद्यावाचूनचा खाऊ हवा असतो, आणि त्याच वेळी चैत्र-वैशाखातल्या वाळवणाची आठवणही मनात असते. त्यामुळे हे यंत्र म्हणजे गच्चीवरचे ऊनच घरात आणून ठेवल्यासारखे आहे, अशी समजूत सहज होते. ही समजूत अपुरी आहे. पहिली हौस फिटल्यावर यंत्र तळघरातल्या फळीवर जाऊन बसते ते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यातून निघालेला खाऊ पोट बिघडवतो तो, पुष्कळदा याच समजुतीपायी.

मराठी वाळवणाची रीत बारकाईने पाहिली तर तिच्यात एक शहाणी व्यवस्था दिसते. कुरडईचा चीक आणि बिबड्यांचे पीठ आधी शिजवले जाते व मगच ते उन्हात जाते; पापड, सांडगे आणि सांडगी मिरची कच्चीच वाळतात, परंतु ती उन्हातून थेट ताटात येत नाहीत, तर कढईत, निखाऱ्यावर किंवा आमटीत जाऊन शेवटी उष्णतेतून निघतात. वाळत घातलेल्या ओल्या कुरडया मुले पळवतात आणि मोठी माणसे तिकडे कौतुकाने कानाडोळा करतात, पण तो चीकही शिजलेलाच असतो. दुसरीकडे आमसूल, आंबापोळी, फणसपोळी, आवळासुपारी हे पदार्थ पुन्हा न शिजवता खाल्ले जातात. त्यांचे रक्षण त्यांचा आंबटपणा, साखर किंवा मीठ करते. भिजवलेले वा मोड आलेले कडधान्य कच्चेच वाटायचे, वाळवायचे आणि पुढे कोणतीही आच न दाखवता तसेच खायचे, असा प्रकार या परंपरेत जवळजवळ आढळत नाही. आणि कच्च्या खाऊच्या पाककृतींत मात्र नेमका तोच प्रकार सर्वाधिक असतो: भिजवलेल्या जवसाच्या कुरकुरीत चकत्या, मोडाच्या मुगाचा चिवडा, भिजवून वाळवलेले बदाम. हा परंपरेचा विस्तार नव्हे, तर तिच्यातली संरक्षक पायरी गाळून केलेला नवा प्रयोग आहे, हे खरेदीपूर्वी स्पष्ट असले पाहिजे.

ही पायरी इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी ‘जल-सक्रियता’ ही संज्ञा उपयोगी पडते. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरायला मोकळे आहे, याचे 0 ते 1 या पट्टीवरील माप म्हणजे जल-सक्रियता; ती 0.85 च्या खाली गेली की रोगकारक जिवाणू वाढू शकत नाहीत, आणि 0.60 च्या खाली बुरशीसह कोणतीच वाढ होत नाही. वाळवण्याने वाढ थांबते, मात्र आधीच असलेले जिवाणू मरतातच असे नाही; साल्मोनेलासारखे जिवाणू कोरड्या पदार्थात महिनोन्‌महिने तग धरून राहतात. त्यातच कॅनडाच्या आरोग्य खात्याने अन्नासाठी 4 ते 60 अंश हा तापमानाचा पट्टा धोक्याचा मानला आहे, आणि कच्च्या आहाराच्या मर्यादेतले 42 अंश त्याच पट्ट्यात, मानवी शरीराच्या तापमानाजवळ पडतात. जवसाचा बुळबुळीत लगदा या तापमानाला पहिले कित्येक तास ओलाच असतो, म्हणजे ज्या काळात तो वाळावा अशी अपेक्षा असते त्याच काळात त्याच्यात जिवाणू वाढवण्याचीही सोय झालेली असते. 2014 मध्ये कॅनडा व अमेरिकेत साल्मोनेलाचा जो उद्रेक झाला, त्याचे मूळ मोड आणून, वाळवून, दळलेल्या चियाच्या भुकटीत निघाले, आणि ही भुकटी आरोग्यदायी म्हणूनच विकली जात होती. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी कच्चे मोड खाऊ नयेत, असा आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे. खाऊ ज्यांच्यासाठी करायचा असतो त्या मुलांचाच उल्लेख त्यात आधी येतो.

उपाय कठीण नाही. मोड आलेले मूग वा मटकी आधी चांगली वाफवून घ्यावी आणि मगच यंत्रात पसरावी. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,045 मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी साधारण 96.5 अंशांनाच उकळते, परंतु जिवाणू मारण्यास तेवढी उष्णता भरपूर होते. कडधान्य मऊ व्हायला किंचित अधिक वेळ लागतो, इतकेच. असा खाऊ काटेकोर अर्थाने कच्चा राहत नाही, पण तो मुलाच्या डब्यात निर्धास्तपणे देता येतो. राजम्याच्या बाबतीत तर एवढ्यानेही भागत नाही: त्याच्यातील एक विषारी प्रथिन मंद आचेने निकामी होत नाही, उलट अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो, म्हणून तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, खळखळ उकळून शिजवल्याशिवाय कोणत्याही खाऊत वापरू नये.

कच्च्या आहाराच्या बाजूने दिला जाणारा मुख्य युक्तिवाद असा, की 48 अंशांपलीकडे अन्नातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, नष्ट होतात आणि पचन दुबळे होते. परंतु विकरे ही प्रथिनेच असल्याने जठरातील आम्लात त्यांचेही इतर प्रथिनांप्रमाणे तुकडे होतात, आणि पचनासाठी लागणारी विकरे शरीर स्वतः तयार करते. त्यामुळे केवळ एवढ्या कारणासाठी महागडे यंत्र घेणे समर्थनीय ठरत नाही.

यानंतरचा प्रश्न असा, की कॅल्गरीच्या हवेत यंत्रावाचून काय साधते. हे शहर रॉकी पर्वताच्या पर्जन्यछायेत वसलेले असून तिथे वर्षाला जेमतेम 420 मिलिमीटरच्या आसपास पर्जन्य व हिम पडते. हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी सतत चालू असल्याने आतली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात आणि लाकडी दारांना चिरा पडतात. पर्वत उतरून येणारा चिनूक नावाचा उबदार, कोरडा वारा तर काही तासांत तापमान वीस अंशांनीही चढवतो. अशा हवेत कढीपत्ता, पुदिना, मेथी, कोथिंबीर, लिंबाची साल आणि पातळ कापलेली मिरची कागदावर वा सुपात पसरून ठेवली तरी आपोआप वाळते. त्यासाठी वीज जाळण्याचे काही कारण नाही.

उन्हाचे गणित मात्र वेगळे आहे. फळे उन्हात सुरक्षितपणे वाळण्यासाठी किमान 30 अंश तापमानाचे सलग काही दिवस लागतात, आणि कॅल्गरीत जुलैमध्येही दुपारचे सरासरी कमाल तापमान 23 अंशांच्या आसपासच राहते, तर रात्री पारा 10 अंशांपर्यंत उतरतो. जून हा पावसाचा महिना, आणि गारपिटीचे आठवडेही तेव्हापासूनच सुरू होतात. 13 जून 2020 रोजी शहराच्या ईशान्य भागातल्या सॅडल रिज, टॅराडेल अशा वस्त्यांत, जिथे दक्षिण आशियाई कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, गारांनी घरांच्या भिंतींवरचे आवरण फाडून टाकले होते. त्यात अलीकडच्या उन्हाळ्यांत वणव्यांचा धूर येऊन मिळतो, आणि धुरात वाळलेल्या फळाला धुराचाच वास लागतो. सारांश, पानांना यंत्र नको आणि रसाळ फळांना ऊन पुरत नाही. यंत्राची खरी जागा या दुसऱ्या कामात आहे.

हे काम मोलाचे आहे. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ब्रिटिश कोलंबियातील ओकानागन खोऱ्यातून चेरी, जर्दाळू, पीच आणि मागोमाग सफरचंदे कॅल्गरीच्या बाजारांत येतात, आणि पेटीने घेतली तर ती किरकोळ भावापेक्षा बरीच स्वस्त पडतात. शहराच्या आसपासच्या शेतांवर सॅस्काटून नावाची निळी-जांभळी फळे स्वतः तोडून आणता येतात. याच माळरानावर ब्लॅकफूट लोक शतकानुशतके बायसनचे मांस पातळ पट्ट्यांत कापून वाळवत, कुटत, आणि त्यात चरबी व हीच फळे मिसळून पेमिकन करून ठेवत; कॅल्गरीच्या दक्षिणेस फोर्ट मॅक्लाउडजवळचे ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’ हे त्या जीवनरीतीची साक्ष देणारे स्थळ 1981 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सॅस्काटून वाळवताना एक अडचण येते, जी तासगावच्या बेदाणा उत्पादकांना चांगली परिचित आहे: फळाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो पाणी बाहेर पडू देत नाही. तासगावात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून तो थर मोडतात व मग शेडमध्ये सावलीत वाळवतात. घरी तेच काम फळे अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात काढल्याने होते. कच्चेपणाच्या आग्रहाने ही पायरी टाळली, तर अखंड फळे 42 अंशांना दिवसेंदिवस वाळत राहतात आणि आतून आंबू लागतात.

यंत्राचा दुसरा सार्थ उपयोग कॅनानास्किस आणि बॅन्फच्या डोंगरांत पाठीवर सामान घेऊन जाणाऱ्यांना होतो. शिजवलेली मऊ खिचडी किंवा वरण पातळ थरात पसरून वाळवले की वजन बरेच घटते, आणि मुक्कामावर उकळते पाणी घालून गरम जेवण तयार होते.

खर्चाचा विचार करताना विजेची चिंता सर्वांत आधी केली जाते, ती वास्तविक सर्वांत लहान बाब आहे. 600 वॅटचे यंत्र 12 तास पूर्ण शक्तीने चालले असे धरले तरी 7.2 युनिट वीज लागते; दर युनिटला सुमारे 12 सेंट धरल्यास ही रक्कम एका डॉलरच्या आत राहते, आणि वहन-वितरणाचे आकार मिळवूनही ती फार वाढत नाही. खरी किंमत जागेची, आवाजाची आणि वेळेची असते. पंखा रात्रभर घरघरतो, आणि मोकळ्या रचनेच्या घरांत स्वयंपाकघर व बैठकीची खोली यांत भिंत नसते. 1 किलो सफरचंदांच्या चकत्या करायला, लिंबाच्या पाण्यात बुडवायला, मांडायला आणि नंतर ताटल्या धुवायला चांगला तास-दीड तास जातो, आणि हाती येतात जेमतेम 150 ते 180 ग्रॅम चकत्या, कारण ताज्या सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणीच असते.

गोल, एकावर एक रचलेल्या ताटल्यांची यंत्रे शंभर डॉलरच्या आसपास मिळतात. त्यांत हवा वरून खाली किंवा खालून वर जात असल्याने ताटल्यांची अदलाबदल करत राहावे लागते, आणि मध्ये भोक असल्याने आंबापोळीसारखा पदार्थ नीट पसरता येत नाही. चौकोनी, मागे पंखा असलेल्या यंत्रांत हवा आडवी वाहते व सर्व थर बरेचसे सारखे वाळतात, मात्र त्यांची किंमत दोनशे ते चारशे डॉलरच्या घरात असते. तापमान बदलण्याची सोय नसलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. भारतातून यंत्र आणण्याचा मोहही टाळावा: तिथला 230 व्होल्टचा तापक कॅनडातील 120 व्होल्टवर जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या शक्तीने तापतो, आणि विमा व सुरक्षेच्या दृष्टीने यंत्रावर कॅनडात मान्य असलेले प्रमाणनचिन्ह असणेच इष्ट आहे. ज्यांच्याकडे एअर फ्रायर आहे त्यांनी त्यात वाळवण्याची सोय आहे का हे आधी तपासावे. त्याची जाळी लहान असते, पण आपल्याला हे काम खरोखर आवडते का हे कळण्यास ती पुरेशी आहे.

वाळलेला खाऊ बरणीत भरताना घाई करू नये. वरून कोरड्या दिसणाऱ्या काही तुकड्यांत आत ओल असते, म्हणून बरणी दोन-तृतीयांश भरून, झाकण लावून, आठवडाभर रोज हलवावी. काचेवर आतून दव दिसले तर सगळा ऐवज परत यंत्रात घालावा, आणि बुरशीचा ठिपका दिसला तर बरणी रिकामी करून टाकावी. खाण्याच्या प्रमाणाचेही भान हवे: वाळवल्याने साखर कमी होत नाही, फक्त पाणी जाते, त्यामुळे जे मूल एक पीच खाते तेच तीन पीचच्या चकत्या नकळत संपवते, आणि चिकट चकत्या दातांनाही धरून राहतात. मधुमेहाचा वारसा असलेल्या घरांत हे विशेष लक्षात ठेवावे.

ज्यांचा हेतू केवळ मोडांचा आणि जवसाचा कच्चा खाऊ करण्याचा आहे, त्यांनी डिहायड्रेटर घेऊ नये. मोड वाफवून ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजले तर तोच कुरकुरीतपणा अधिक सुरक्षितपणे मिळतो. जे कुटुंब दर उन्हाळ्यात फळे पेटीने आणते, ज्याच्या घरी यंत्र कायम मांडून ठेवण्याजोगी जागा आहे, आणि ज्यातील एकाला तरी चिरण्या-मांडण्याच्या कामात गोडी आहे, त्याने चौकोनी यंत्र अवश्य घ्यावे. ज्यांना आपण यांपैकी कोणत्या गटात मोडतो हे ठरवता येत नाही, त्यांनी सप्टेंबरात एखाद्या स्नेह्याचे यंत्र आठवडाभर मागून आणावे, सफरचंदांची एक पेटी त्यात वाळवून पाहावी, आणि मगच पैसे खर्च करावेत.