गुडघा घ्यावा तरी कोणता?



सेकंड इयरला 'थिअरी ऑफ मशिन्स'मध्ये फोर-बार मेकॅनिझम शिकलो, तेव्हा मी ते मार्कांपुरतंच शिकलो होतो. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर तोच फोर-बार काकांच्या पायात बसवायचा की कॉम्प्युटरवाला गुडघा घ्यायचा, यावर घरात वाद पेटलेला!

धुळे रस्त्यावरच्या अपघातात काकांचा डावा पाय मांडीतून कापावा लागला होता. वय ४४, चार एकर कोरडवाहू कापूस. कुणीतरी परदेशी गुडघ्याचा व्हिडिओ दाखवला आणि आजी म्हणाली, "एक एकर इकी टाका, पन पोर्‍या चालाले पाहिजे." मग सगळे माझ्याकडे वळले. घरातला इंजिनिअर ना मी! मला तर काहीच माहीत नव्हतं. मग अभ्यास केला. तोच इथे मांडतोय, कारण हा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो.

गुडघ्याची दोन कामं

चालण्याच्या एका चक्रात पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. जमिनीवर असताना गुडघ्याने दगा द्यायचा नाही आणि हवेत असताना वेळेवर वाकून वेळेवर सरळ व्हायचं. कृत्रिम गुडघ्याची सगळी कथा या दोन परस्परविरोधी मागण्यांची आहे.

साधं गणित करू. माणसाचं वजन ७० किलो, म्हणजे सुमारे ७०० न्यूटन. टाच टेकताना जमिनीच्या प्रतिक्रियेची रेषा गुडघ्याच्या ३ सेंमी मागून गेली, तर गुडघा मुडपवणारा मोमेंट झाला २१ न्यूटन मीटर. आपल्या मांडीचे स्नायू तो सहज पेलतात. मांडीतून पाय कापलेल्या माणसाच्या कृत्रिम गुडघ्याला ओढून धरणारा स्नायूच नसतो. म्हणजे गुडघा मुडपणार आणि माणूस पडणार.

उत्तरं कोणकोणती?

पहिलं उत्तर म्हणजे कुलूप. गुडघा लॉक करून काठीसारखा पाय टाकायचा. पडण्याची भीती कमी, पण प्रत्येक पावलाला कंबर उचलावी लागते.

दुसरं उत्तर आपला फोर-बार. यात फिरण्याचं इन्स्टंटेनियस सेंटर प्रत्यक्ष गुडघ्याच्या वर आणि मागे नेता येतं. मग बलाची रेषा त्या सेंटरच्या पुढून जाते आणि वजन पडलं की गुडघा उलट सरळच राहतो. शिवाय वाकताना पायाची लांबी थोडी कमी होते, त्यामुळे पंजा जमिनीला अडत नाही. जयपूर फूटचं काम करणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी मिळून असाच गुडघा तेल मुरवलेल्या नायलॉनपासून बनवला. खर्च सुमारे २० डॉलर! 'टाइम'ने २००९च्या उत्तम शोधांत त्याची नोंद घेतली. २०२२ मध्ये आयआयटी मद्रासने 'कदम' हा देशी पॉलिसेंट्रिक गुडघा आणला. तो १६० अंशांपर्यंत वाकतो. एसटीच्या सीटवर बसणार्‍याला याची किंमत कळेल.

तिसरं उत्तर कॉम्प्युटर. जर्मनीच्या ऑटो बॉक कंपनीने १९९७ मध्ये 'सी-लेग' आणला. गुडघ्याचा कोन आणि नळीवर पडणारा ताण सेन्सर मोजतात, सेकंदाला ५० वेळा. त्यावरून प्रोसेसर ठरवतो की हायड्रॉलिक सिलिंडरचा व्हॉल्व्ह किती उघडायचा. ठेच लागली तर तेलाची वाट आवळली जाते आणि माणसाला सावरायला वेळ मिळतो. उतारावर, जिन्यावर हाच गुडघा हळूहळू वाकून वजन पेलतो. पण एक गैरसमज काढून टाका : हा गुडघा आपल्याला ढकलत नाही. तो फक्त ब्रेक हुशारीने लावतो. जोर मांडीचाच.

किंमत? २०२२ मध्ये इस्रोने आपला सुमारे १.६ किलोचा मायक्रोप्रोसेसर गुडघा जाहीर केला, तेव्हा बाजारातल्या अशा गुडघ्यांची किंमत १० ते ६० लाख रुपये सांगितली होती.

मग निवड कशी करायची?

आम्ही एका प्रोस्थेटिस्टकडे गेलो. त्यांनी गुडघ्याचं नावही न काढता काकांचा स्टंप तपासला. म्हणाले, "आधी सॉकेट." मांडी ज्या साच्यात बसते तो साचा नीट नसेल, तर ६० लाखांचा गुडघाही कोपर्‍यात पडतो. ऑपरेशननंतर कित्येक महिने स्टंप आकसत असतो. म्हणून सुरुवातीलाच महागडा पाय घेऊ नये. त्यात आमचा जळगाव-धुळ्याचा उन्हाळा! घामाने सॉकेट सटकतं आणि कातडी सोलते.

नंतर त्यांनी प्रश्न विचारले. दिवसभर कुठे चालता? चिखल, पाणी, धूळ किती? रोज रात्री बॅटरी चार्ज होईल का? (बॅटरी संपली की बरेच गुडघे सुरक्षिततेसाठी ताठर होतात.) बिघडला तर दुरुस्ती कुठे? आणि शेवटचा : घेण्याआधी काही दिवस वापरून पाहिलात का?

काका एवढंच म्हणाले, "मशीन भारी शे, पन वावरमा चाली का?"

प्रश्न बरोबर होता. पाणी-धुळीला टिकणारे कॉम्प्युटर गुडघेही आता मिळतात, पण सर्व्हिसिंगला पुण्या-मुंबईच्या फेर्‍या आणि डोक्यावर कर्ज हे गणित आम्हाला पेलणारं नव्हतं. आम्ही फोर-बार घेतला आणि वाचलेल्या पैशातला काही भाग चांगल्या सॉकेटवर, काही चालण्याच्या ट्रेनिंगवर खर्च केला. एकर वाचला.

पण 'स्वस्त तेच बरं' असा निष्कर्ष यातून काढू नका. मागच्या पावसाळ्यात काका बांधाच्या उतारावर पडले, मनगट मोडलं. कॉम्प्युटरचा गुडघा असता तर कदाचित सावरले असते. काकू ते अजून बोलून दाखवते आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही. काका शहरात नोकरीला असते, रोज जिने चढत-उतरत असते, तर मीही दुसरा सल्ला दिला असता.

मित्रांनो, २० डॉलर आणि १० लाख यांच्या मधली जागा मोठी आहे. उतारावर सावरणारा, धुळीत टिकणारा आणि जमीन न विकता घेता येणारा गुडघा त्या जागेत बसायला हवा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणून रूमवर डोकं धरून बसणार्‍यांनो, विषय आमच्या बांधावर उभा आहे. एका पायावर.