दारू, फिट आणि घाबरेपणा

प्रश्न : माझे पती ३८ वर्षांचे आहेत. वर्षभरात त्यांना तीनदा फिट आली; तपासण्यांत कारण सापडलं नाही. ते सतत धास्तावलेले असतात, रोज भरपूर पितात. मी दारू एकदम बंद करायला लावू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एकदम बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू सोडली, तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. प्रत्येक फिट कधी आली, त्याआधी किती तास दारू नव्हती, हे लिहून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मोबाइलवरचं चित्रणही उपयोगी पडतं. ईईजी, एमआरआय नॉर्मल आले म्हणून फिट खोटी ठरत नाही. घाबरेपणासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवेतच. दारूने तो तात्पुरता दबतो आणि उतरल्यावर वाढतो.

फिट आली की कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर १०८ला फोन करा. गाडी चालवणं, पोहणं तूर्त बंद.

त्यांच्या पिण्याला तुम्ही जबाबदार नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तुम्हीही बोला. डॉक्टरांची भेट मात्र याच आठवड्यात ठरवा.