आवरणाखालचे मोरचूद
(जुन्या मोटारगाडीच्या बॅटरी-केबलविषयी एक पाठ)



आपल्यापैकी अनेकांच्या दारी पंधरा-वीस वर्षे इमानाने सेवा केलेली एखादी मोटारगाडी उभी असते. नवी घेणे परवडत नाही आणि जुनी टाकवत नाही. अशा गाड्यांना जडणाऱ्या एका छुप्या दोषाचा अभ्यास आपण या पाठात करू. दोष लहान आहे. परंतु त्यापायी भलताच खर्च होतो, आणि पुष्कळदा निरपराध माणसावर ठपका येतो.

परिचयातील एका कुटुंबाची हकीकत पाहा. त्यांची सोळा वर्षांची गाडी एके सकाळी सुरू होईना. सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज येई व दिवे मंदावत. त्यांनी नवी बॅटरी बसविली. तीन महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. "तुम्ही जुना माल आमच्या गळ्यात मारला," असे त्यांनी दुकानदारास सुनावले व अनेक वर्षांचा स्नेह तुटला. पुढे सेल्फचीही दुरुस्ती झाली. तरी एका रात्री आजारी वडिलांना रुग्णालयात नेण्याची वेळ आली, तेव्हा गाडी जागची हलली नाही. शेजाऱ्याची रिक्षा होती म्हणून निभावले. अखेर एका वृद्ध वायरमनने बॅटरीची केबल टर्मिनलाजवळ वाकवून पाहिली. ती कडक लागली व आत काहीतरी करकरले. त्याने चाकूने आवरण चिरले. आत लालसर तांब्याच्या जागी हिरवट-निळी भुकटी होती.

१. दोष कसा उत्पन्न होतो?

मोटारीच्या बॅटरीत शिशाचे पत्रे व पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. बॅटरी चार्ज होत असता वायू सुटतो व त्याबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर येतात. बॅटरी जुनी झाली म्हणजे टर्मिनलाच्या बुडाशी असलेला जोड सैल होतो व तेथूनही आम्ल पाझरते. केबल ही एक सलग तार नसून अनेक बारीक तांब्याच्या तारांचा जुडगा असतो. दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे हे आम्ल त्या तारांमधील फटींतून आवरणाखाली चढत जाते. हवा व ओलावा यांच्या साहाय्याने ते तांब्याशी संयोग पावते आणि मोरचूद तयार होते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक का कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. आंबट पदार्थ व तांबे यांचे तेच वैर येथे आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत ही झीज अधिक वेगाने होते.

२. तो लपून का राहतो?

बाहेरचे आवरण शाबूत असते. टर्मिनल घासून लख्ख केलेले असते. मल्टिमीटर लावला तर केबलच्या दुसऱ्या टोकालाही पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवितो. मग दोष केबलमध्ये असेल, असे कोणाच्या मनात येणार?

गाळाने भरलेल्या नळाचे उदाहरण घ्या. तोटी बंद असताना त्यातील पाण्याचा दाब पूर्ण असतो. तोटी उघडताच धार करंगळीएवढी पडते. केबलचेही तसेच. दोन-चार तारा शिल्लक असल्या तरी विश्रांतीच्या वेळी व्होल्ट पूर्ण दिसतात. परंतु सेल्फ फिरताना लहान गाडीतही शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. समजा, प्रवाह १५० अँपिअर आहे व कळंकामुळे केबलमध्ये केवळ ०.०१ ओहम रोध वाढला आहे. दोहोंचा गुणाकार १.५ व्होल्ट होतो. तेवढा दाब वाटेतच नष्ट होतो व त्याची केबलमध्ये उष्णता बनते. एवढा सूक्ष्म रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम-मापनात विश्वसनीयपणे कळतही नाही. तात्पर्य, भार नसताना केलेली परीक्षा येथे निरर्थक आहे.

३. लक्षणे

सेल्फ मंद फिरणे किंवा नुसता 'टक्' आवाज होणे; दिवे लुकलुकणे; नवी बॅटरीही लवकर उतरणे, कारण चार्जिंगचा प्रवाहही बहुधा याच वाटेने परततो; सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागणे; संगणक-नियंत्रित इंजिनाच्या गाडीत डॅशबोर्डवर अकारण इशारे उमटणे. इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी खराब झाल्यास प्रवाह क्लच वा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो व ती तापून जळू शकते.

४. परीक्षा कशी करावी?

(अ) गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून मेकॅनिककडून इग्निशन किंवा इंधनपंप तात्पुरता बंद करून घ्या.

(आ) मल्टिमीटर डी.सी. व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या धन खांबावरच टेकवा, त्यावरील क्लिपेवर नव्हे. दुसरे टोक सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर टेकवा.

(इ) दुसऱ्या व्यक्तीस पाच सेकंदांपेक्षा अधिक नाही इतका वेळ सेल्फ मारण्यास सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या आत असावा.

(ई) हीच परीक्षा बॅटरीचा ऋण खांब व इंजिनाचा स्वच्छ धातू यांमध्ये करा. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक आकडा आल्यास अर्थिंगची वाट सदोष समजावी.

५. उपाय

टर्मिनलावरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुता येते. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. आवरणाखालचा कळंक धुऊन जात नाही. टोक कापून नवी क्लिप आवळणे हा तात्पुरता इलाज आहे. उघड्या तारा पुन्हा आम्ल शोषतात. तितक्याच जाडीची नवी तांब्याची केबल, दाबून बसविलेल्या थिंबलांसह घालणे हाच खरा उपाय. तिचा खर्च बॅटरीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. काम करताना ऋण केबल प्रथम काढावी व शेवटी जोडावी; बोटातील अंगठी उतरवावी, डोळ्यांवर चष्मा असावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जवळ काडी ओढू नये. शेवटी जोडांवर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा.

त्या कुटुंबाने केबल बदलली. तीन महिन्यांत दोषी ठरविलेली ती 'जुनी' बॅटरी पूर्ण चार्ज केल्यावर उत्तम चालू लागली. गृहस्थ दुसऱ्याच दिवशी दुकानदाराकडे गेले आणि कापलेल्या केबलचा तुकडा त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "चूक माझी होती."

चर्चेसाठी प्रश्न

१. केबल खराब असूनही मल्टिमीटर १२.६ व्होल्ट का दाखवितो?
२. मोजमाप बॅटरीच्या खांबावरच का घ्यावे, क्लिपेवर का नाही?
३. या कुटुंबाने प्रथम कोणती परीक्षा केली असती, तर खर्च व कटुता दोन्ही टळली असती?